थायलंडमध्ये मुक्कामाची तारीख उलटली तर

थायलंडमध्ये उतरल्यावर इमिग्रेशन अधिकारी पासपोर्टवर शिक्का मारतो. त्यात एक तारीख आल्याची असते आणि दुसरी 'इथपर्यंत राहता येईल' अशी. तुमचा तिथला मुक्काम कायदेशीर आहे की नाही, हे ही दुसरी तारीख ठरवते. व्हिसावर काय छापलंय, एजंटने काय सांगितलं, मागच्या वेळी किती दिवस मिळाले होते, याला तिथे काही अर्थ नाही. म्हणून काउंटरवरून हलण्याआधी, मागे रांग कितीही लांब असली तरी, ती तारीख वाचा. चुकीची वाटली तर तिथल्या तिथे विचारा. पान उघडून फोनमध्ये फोटो काढा आणि दोन आठवडे आधीची आठवण लावून ठेवा.

हा लेख त्या तारखेविषयी आहे: ती कशी चुकते, चुकू नये म्हणून काय करायचं आणि चुकलीच तर कुठल्या क्रमाने काय करायचं. थायलंडवर जीव जडलेली माणसंच यात जास्त सापडतात. आठ दिवसांसाठी गेलेला पर्यटक परतीच्या तिकिटावर निघून जातो. जो राहायला गेला, ज्याने घर भाड्याने घेतलं, ज्याचं तिथे कुणीतरी आहे, त्याच्यासाठी 'अजून थोडे दिवस' हा मोह खरा असतो.

तारीख नेमकी कुठे चुकते

सर्वांत मोठा घोळ व्हिसाची वैधता आणि राहण्याची परवानगी यांतला आहे. व्हिसावरची तारीख 'या दिवसापर्यंत देशात शिरता येईल' एवढंच सांगते. आत किती दिवस राहायचं ते शिक्का सांगतो. वर्षभर वैध असलेला, कितीही वेळा येण्याजाण्याची मुभा देणारा व्हिसा हातात आहे म्हणून वर्षभर राहता येईल असं समजणारे दरवर्षी दंड भरतात. दर प्रवेशाला ९० दिवस मिळणार असतील, तर ९० दिवसच.

दुसरी गफलत मोजणीची. ज्या दिवशी तुम्ही आलात तो पहिला दिवस धरला जातो. १ जूनला उतरलात आणि ६० दिवस मिळाले, तर शेवटचा दिवस ३० जुलै. 'दोन महिने' असं डोक्यात धरून १ ऑगस्टचं तिकीट काढलं, तर तुम्ही दोन दिवसांनी चुकलात. विनाव्हिसा प्रवेशाचे दिवस सरकार अधूनमधून बदलतं (जुलै २०२४ मध्ये ते बऱ्याच देशांसाठी ३० वरून ६० झाले, त्यात भारतही होता), त्यामुळे जुन्या अनुभवावर विसंबू नका.

तिसरी गोष्ट लांब मुदतीने राहणाऱ्यांची. सलग ९० दिवस राहिलं की टीएम-४७ हा फॉर्म भरून पत्ता कळवावा लागतो. तो कळवल्यावर पुढच्या हजेरीची तारीख घातलेली पावती मिळते. ती पावती मुदतवाढ नाही. तरी कित्येक जण तीच तारीख आपली मुदत समजून बसतात आणि खरी मुदत मधल्या मध्ये संपून जाते. दोन्ही तारखा वेगवेगळ्या लिहून ठेवा.

चौथी चूक सर्वांत महाग पडते, कारण ती करणाऱ्याची काहीच बेफिकिरी नसते. वर्षाची मुदतवाढ हातात असताना तुम्ही चार दिवस गावी गेलात, पण जाण्याआधी पुनर्प्रवेशाची परवानगी घेतली नाही. देश सोडताक्षणी ती वर्षाची मुदत मेली. परत येताना अधिकाऱ्याने साधा पर्यटकाचा शिक्का मारला, तुम्ही तो पाहिला नाही आणि जुन्या तारखेच्या भरवशावर राहिलात. ही परवानगी टीएम-८ या फॉर्मवर मिळते: एका वेळेसाठी १,००० बाथ, कितीही वेळांसाठी ३,८००. मोठ्या विमानतळांवर निघताना सुद्धा ती घेता येते, पण त्यासाठी वेळ हाताशी ठेवून जा.

आणखी दोन सापळे आहेत. पासपोर्टच लवकर संपत असेल तर मुदतवाढ पासपोर्ट संपण्याच्या तारखेपर्यंतच मिळते, म्हणून आधी पासपोर्ट नवा करा. आणि नोकरीवर आधारलेली मुदत नोकरी सुटली की संपते, शिक्क्यावर आठ महिने पुढची तारीख दिसत असली तरी. राजीनामा देण्याआधी कंपनीकडून शेवटचा दिवस लेखी घ्या आणि त्या शेवटच्या दिवशीच इमिग्रेशनला जाऊन आवराआवरीसाठी ७ दिवस मागा. तुमच्या मुदतीवर राहणारे पती, पत्नी, मुलं यांचीही मुदत त्याच दिवशी संपते, हे विसरू नका.

मुदत संपण्याआधी: ३० दिवस वाढवून घेणं

पर्यटक म्हणून आलेल्यांना, व्हिसा घेऊन किंवा विनाव्हिसा, साधारणपणे एकदा ३० दिवसांची वाढ मिळू शकते. फी १,९०० बाथ. अर्ज नाकारला गेला तरी फी परत मिळत नाही. वाढ जुन्या मुदतीच्या शेवटच्या दिवसापासून मोजतात, अर्जाच्या दिवसापासून नाही. त्यामुळे लवकर गेल्याने दिवस बुडत नाहीत. आठवडाभर आधी जा.

जायचं ते ज्या प्रांतात राहता तिथल्या इमिग्रेशन कार्यालयात. बँकॉकमध्ये ते चेंग वत्थानाच्या सरकारी संकुलात आहे आणि तिथे सकाळी लवकर पोचलं तरच अर्ध्या दिवसात सुटका होते. सोबत न्यायचं ते असं:

- पासपोर्ट, आणि त्याच्या फोटोच्या पानाची, व्हिसाच्या पानाची व प्रवेशाच्या शिक्क्याच्या पानाची झेरॉक्स. प्रत्येक झेरॉक्सवर तुमची सही हवी.
- भरलेला टीएम-७ फॉर्म आणि ४ × ६ सेंटिमीटरचा एक फोटो.
- डिजिटल आगमन कार्डाची प्रत. मे २०२५ पासून कागदी कार्डाऐवजी हे ऑनलाइन भरावं लागतं. ते पूर्ण मोफत आहे. पैसे मागणारी साइट दिसली तर ती सरकारी नाही.
- राहत्या पत्त्याची टीएम-३० पावती.
- १,९०० बाथ रोख.

यातली टीएम-३० पावती लोकांना सर्वांत जास्त परत पाठवते. परदेशी माणूस राहायला आला की २४ तासांत त्याची नोंद करणं ही घरमालकाची जबाबदारी आहे. हॉटेलं ती आपोआप करतात. भाड्याच्या फ्लॅटचा मालक, किंवा ज्याच्याकडे तुम्ही पाहुणे म्हणून उतरलात तो मित्र, बहुधा करत नाही, कारण त्याला ती ठाऊकच नसते. घर घेतानाच विचारा, नोंद करवून पावतीची प्रत घ्या. मुदतीच्या आदल्या दिवशी काउंटरवर हे कळलं आणि मालक परगावी असला, तर दिवस हातचा जातो.

कार्यालयं सोमवार ते शुक्रवार चालतात आणि दुपारी जेवणाची सुट्टी असते. १३ ते १५ एप्रिल सोंगक्रान या थाई नववर्षाच्या सणामुळे बंद. शेवटचा दिवस शनिवार, रविवार किंवा सणाचा असेल तर त्याच्या आधीच्या कामाच्या दिवशी काम उरका. सुट्टी होती म्हणून उशीर झाला, हे कारण अधिकारी ऐकून घेईलही, पण आपला मुक्काम कुणाच्या मर्जीवर ठेवू नये.

वाढ नाकारली गेली तर बहुतेक वेळा निघण्यासाठी ७ दिवस देतात. ते सात दिवस म्हणजे निघायचा आदेश आहे. दुसऱ्या कार्यालयात जाऊन पुन्हा प्रयत्न करण्यात ते घालवू नका.

दवाखान्यात असाल तर वेगळा मार्ग आहे. प्रवास करता येणार नाही असं डॉक्टरांचं लेखी प्रमाणपत्र घेऊन आजारपणाच्या कारणावरून मुदतवाढ मागता येते. रुग्णाला उठता येत नसेल तर नातेवाइकाने कार्यालयात जाऊन विचारायचं. हे मुदत संपायच्या आत करायचं असतं. ऑपरेशनच्या धावपळीत तारीख निघून जाते, म्हणून दवाखान्यात भरती होतानाच सोबतच्या माणसाला शिक्क्याचा फोटो देऊन ठेवा.

सीमेपलीकडे जाऊन लगेच परतणं ही जुनी युक्ती आता भरवशाची राहिलेली नाही. विनाव्हिसा येणाऱ्यांना जमिनीवरच्या नाक्यांवरून एका कॅलेंडर वर्षात दोनदाच प्रवेश मिळतो, आणि वारंवार असं करणाऱ्याला अधिकारी परत पाठवू शकतो. शिवाय नाका उघडा असेलच असं नाही: २०२५ मध्ये कंबोडियाशी संघर्ष पेटला आणि त्या सीमेवरचे नाके बंद झाले. शेवटच्या दिवशी त्या रस्त्याने निघण्याचा बेत असलेल्यांना विमानाशिवाय पर्याय उरला नाही.

तारीख उलटली: हिशेब आधी समजून घ्या

एकदा मुदत संपली की थायलंडमध्ये बसून मुदतवाढ किंवा व्हिसाचा प्रकार बदलून मिळत नाही. आधी देश सोडायचा, मगच पुढचा अर्ज. हे नीट मनात ठसवा, कारण 'सगळं आतल्या आत नियमित करून देतो' म्हणणारे लोक याच वेळी भेटतात.

दंड दिवसाला ५०० बाथ. १७ दिवस झाले तर ८,५००. कमाल दंड २०,००० बाथ, म्हणजे ४० दिवसांत तो पूर्ण भरतो आणि पुढे वाढत नाही. घात इथेच होतो. एकेचाळिसाव्या दिवशी माणूस म्हणतो, आता पैसे तर वाढत नाहीत, मग घाई कशाला? पण पैशांचा हिशेब थांबला तरी दुसरा हिशेब चालू असतो, आणि तो प्रवेशबंदीचा आहे. २० मार्च २०१६ पासून हे नियम लागू आहेत.

स्वतःहून हजर होऊन देश सोडला तर:
९० दिवसांपेक्षा जास्त उशीर – १ वर्ष बंदी
१ वर्षापेक्षा जास्त – ३ वर्षं
३ वर्षांपेक्षा जास्त – ५ वर्षं
५ वर्षांपेक्षा जास्त – १० वर्षं

पकडले गेलात तर:
१ वर्षापेक्षा कमी उशीर – ५ वर्षं बंदी
१ वर्षापेक्षा जास्त – १० वर्षं

ही दोन कोष्टकं शेजारी ठेवून वाचा. बारा दिवस उशीर झालेला माणूस विमानतळावर स्वतः गेला तर ६,००० बाथ भरून सुटतो आणि पुन्हा येऊ शकतो. तोच माणूस आदल्या संध्याकाळी रस्त्यावरच्या तपासणीत सापडला तर त्याला पाच वर्षं येता येत नाही. दिवस तेवढेच, गुन्हा तोच. फरक फक्त कोण कुणाकडे गेलं याचा. ज्याचं घर, प्रेम, मैत्री त्या देशात आहे, त्याला पाच वर्षांचा अर्थ समजावून सांगायची गरज नाही. बंदी देश सोडल्याच्या दिवसापासून मोजतात.

म्हणून उशीर ९० दिवसांच्या आत असेल, तर ९० वा दिवस ही तुमची लक्ष्मणरेषा. पण ती गाठायची नसते. विमान रद्द झालं, तिकीट महागलं, ताप आला, की एका दिवसाने वर्ष जातं.

निघण्याचा क्रम

पहिलं काम तिकीट. विमानाचंच काढा, जमिनीवरच्या सीमेचा विचार करू नका. नाक्यावर दंड भरून जाता येतं हे खरं, पण सीमेकडे जाणाऱ्या रस्त्यांवर पोलिसांच्या आणि लष्कराच्या चौक्या असतात आणि बस थांबवून पासपोर्ट पाहिले जातात. चौकीवर सापडलात तर तुम्ही 'स्वतःहून हजर' नसता, जरी खिशात दंडाचे पैसे आणि मनात निघायचाच विचार असला तरी. देशांतर्गत लांबचा बसप्रवासही याच कारणासाठी टाळा. शक्य असेल तर राहता त्या गावाजवळच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावरून थेट निघा.

दुसरं, पासपोर्ट. तो वैध आहे का पाहा. हरवला किंवा संपला असेल तर आधी पोलिस ठाण्यात हरवल्याची नोंद, मग आपल्या देशाच्या दूतावासात नवा पासपोर्ट किंवा एकदाच्या प्रवासाचा कागद. भारतीयांना त्यासाठी इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळतं. दूतावास बँकॉकमध्ये सुखुमवित रस्त्याच्या २३ क्रमांकाच्या सोईत (म्हणजे गल्लीत) आहे. नव्या कागदावर तुमच्या प्रवेशाची नोंद नसते, म्हणून तो घेऊन इमिग्रेशनमध्ये जाऊन जुनी नोंद चढवून घ्यावी लागते. या सगळ्याला दिवस लागतात आणि ते उशिरातच मोजले जातात. पासपोर्ट हरवल्याच्या दिवशीच सुरुवात करा.

तिसरं, रोख बाथ. दंडाची रक्कम मोजून वेगळ्या पाकिटात ठेवा, वर थोडे जास्त. विमानतळावर ऐनवेळी कार्ड चालेल, एटीएम पैसे देईल, असं गृहीत धरू नका.

चौथं, वेळ. उड्डाणाच्या किमान चार तास आधी पोचा. बॅगा देऊन, सुरक्षा तपासणी उरकून पासपोर्ट काउंटरवर गेलात की अधिकाऱ्याला स्वतःच सांगा: मुदत उलटली आहे, दंड भरायचा आहे. तो तुम्हाला बाजूच्या कार्यालयात पाठवतो. तिथे दिवस मोजतात, फॉर्मवर सही घेतात, दंड घेतात, पावती देतात आणि पासपोर्टवर नोंद करतात. समोर चार जण असले तर तास जातो. विमान सुटलं तर दंडात एक दिवस वाढतोच, शिवाय नवं तिकीटही तुमच्याच खिशातून जातं.

मध्यरात्रीची विमानं वेगळं लक्ष मागतात. शिक्क्यात ३० जुलै आहे आणि विमान ३१ तारखेला पहाटे दीडला. मोजला जातो तो पासपोर्टवर निर्गमनाचा शिक्का पडतो तो क्षण. रात्री बाराच्या आत काउंटर ओलांडलात तर उशीर नाही. एखाद्या दिवसाचा दंड विमानतळावर सहसा घेत नाहीत, पण ती सवलत आहे, हक्क नाही.

पाचवं, वागणं. आवाज चढवू नका, लपवाछपवी करू नका, पावतीशिवाय पैसे देऊ नका. दंड ठरलेला आहे, त्यात घासाघीस नसते. पावती आयुष्यभर जपा.

एजंट आणि शिक्के

पासपोर्ट आमच्याकडे द्या, तुम्ही यायची गरज नाही, शिक्का मारून आणतो – हे वाक्य ऐकलं की उठा. मुदतवाढीसाठी माणसाला स्वतः हजर राहावं लागतं. घरबसल्या आलेला शिक्का बहुधा खोटा असतो, आणि संगणकात तुमची नोंद जुन्या तारखेचीच राहते. मग विमानतळावर उशिराचा साधा दंड राहत नाही, खोटा दस्तऐवज बाळगल्याचा फौजदारी गुन्हा होतो. काही जणांना तर शिक्का खोटा आहे हे तिथेच पहिल्यांदा कळतं. फॉर्म भरून देणारा, रांगेत सोबत बसणारा, भाषांतर करणारा मदतनीस घ्यायला हरकत नाही. पासपोर्ट मात्र तुमच्या नजरेसमोर राहू द्या. शंका असेल तर इमिग्रेशनच्या ११७८ या क्रमांकावर विचारा.

पकडले गेलात तर

पोलिस ठाणं, मग न्यायालय. इमिग्रेशन कायद्यानुसार मुदत उलटून राहण्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा २०,००० बाथपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. साध्या प्रकरणात सहसा दंडावर भागतं. पण दंड भरला म्हणून सुटका होत नाही. हद्दपारी होईपर्यंत स्थानबद्धता केंद्रात ठेवतात. बँकॉकचं मुख्य केंद्र सुआन फ्लू भागात आहे. तिथून बाहेर पडायला दोन गोष्टी लागतात: वैध प्रवासाचा कागद आणि स्वतःच्या खर्चाने काढलेलं तिकीट. ज्यांच्याकडे या दोन्ही असतात ते लवकर निघतात. ज्यांच्याकडे नसतात ते गर्दीच्या खोल्यांमध्ये महिनोन् महिने राहतात.

म्हणून अटक झालेल्याने पहिल्याच दिवशी दूतावासाला कळवण्याची मागणी करावी. तो त्याचा हक्क आहे. घरच्यांनी लागलीच पासपोर्टच्या पानांच्या प्रती, तिकिटाचे पैसे आणि थायलंडमधल्या एका विश्वासू माणसाचा नंबर दूतावासाकडे पोचवावा. न कळणाऱ्या थाई कागदावर सही करण्याआधी दुभाषी मागा. उशीर वर्षापेक्षा जास्त असेल, किंवा जोडीला विनापरवाना काम, खोटा शिक्का असलं काही असेल, तर विमानतळावर जाण्याआधीच तिथल्या वकिलाचा सल्ला घ्या.

परत यायचं असेल तर

९० दिवसांच्या आतल्या उशिराचा दंड भरून निघालेल्याला नियमाने बंदी नाही, तरी पुढच्या वेळी प्रश्न विचारले जातील. परतीचं तिकीट, राहण्याचा पत्ता, खर्चाची सोय आणि जुन्या दंडाची पावती हाताशी ठेवा. थायलंडच्या किंवा इतर देशांच्या व्हिसा अर्जात हद्दपारी, प्रवेशबंदी किंवा नियमभंगाविषयी विचारलं असेल तर खरं लिहा. नोंद पासपोर्टवर असतेच.

आणि या वेळी मुक्कामाला साजेसा व्हिसा घ्या. वय ५० किंवा त्याहून जास्त असेल तर निवृत्तांसाठीची वर्षाची मुदतवाढ आहे: थाई बँकेत ८ लाख बाथ, किंवा महिना ६५,००० उत्पन्न. थाई स्त्रीशी लग्न झालं असेल तर ४ लाख, किंवा महिना ४०,०००. परदेशी कंपनीचं काम लॅपटॉपवर करणाऱ्यांसाठी जुलै २०२४ पासून पाच वर्षांचा डीटीव्ही (डेस्टिनेशन थायलंड व्हिसा) आहे. ५ लाख बाथची शिल्लक दाखवावी लागते आणि दर प्रवेशाला १८० दिवस मिळतात. तो थायलंडबाहेरूनच काढायचा असतो. देशात असतानाच पर्यटकाचा प्रकार बदलून निवृत्त किंवा कुटुंबाच्या गटात जायचं असेल, तर अर्जाच्या वेळी मुक्कामाचे निदान १५ दिवस शिल्लक हवेत. त्यामुळे बँकेत खातं उघडणं, पैसे मागवणं, विवाहाचे कागद थाईत करवून घेणं, ही कामं उतरल्याच्या पहिल्या आठवड्यातच सुरू करा.